उत्तराची अर्धी प्रार्थना

जुन्या गोव्याच्या पायी यात्रेला सावंतवाडीहून निघालो, बांदा गेलं, पत्रादेवी गेली; कधी, ते सांगता येणार नाही. आठवतं ते कोलवाळच्या पुलाअलीकडचं डांबर. पहाटे तीनला निघून अकराच्या आत थांबायचं ठरलं होतं, कारण नोव्हेंबर संपत आला तरी दुपारी रस्ता तापतो. थांबलो नाही. पुढच्या टेम्पोवरचा कर्णा आणि त्याच्यामागे धावल्यासारखे चालणारे पुढारी, दोघांचा मला राग येत होता.

टाचेला लावलेल्या चिकटपट्टीला एक घडी पडली होती. तेवढी पुरते. मोजा घामाने भिजला की कातडं मऊ होतं, घडी घासत राहते, आणि तासाभरात फोड.

एका अंगणातून म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, "बस गो बाय, पांय दाखय." आधी मधुमेह आहे का विचारलं, असता तर त्यांनी सुईला हातच लावला नसता. पाय साबणाने धुतला, सुई ज्योतीवर लाल करून निवू दिली, फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचली, पाणी फडक्याने टिपलं. वरचं कातडं काढू दिलं नाही. आतल्या कच्च्या मांसाला तेच झाकण. वर गॉझ आणि नवी पट्टी, कोपरे कात्रीने गोल कापलेले, म्हणजे मोज्यात उचकटत नाहीत. मग वाडगाभर पेज, मीठ जरा जास्त घातलेली. नाव विचारायचं राहिलं.

मे महिन्यात आई गेली, तेव्हापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती. रोझरीत, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेत, निम्मी बाजू 'नमो मरिया' म्हणते, निम्मी 'पवित्र मरिये'ने उत्तर देते. मी नुसते मणी सरकवत होते. शुक्रवार होता, म्हणून दुःखाची रहस्यं, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखाचे पाच प्रसंग. चौथ्या रहस्यात ख्रिस्त क्रूस वाहतो, आणि मला दरवेळी शेतावरून येणारा कुरेनेकर शिमोन दिसतो, ज्याला शिपायांनी धरून तो क्रूस वाहायला लावला. प्रभूलाही दुसऱ्याचा खांदा लागला. मग मला बायकांचे आवाज का नकोत? एका दशकात दहा 'नमो मरिया'; अशी पाच दशकं म्हणजे साधारण दीड किलोमीटर चाल. ती त्यांनी माझ्यासकट ओढली.

म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा पूल. रायबंदरच्या 1633-34 साली बांधलेल्या बांधावर दुसऱ्या दिवशी उजाडलं, दोन्ही बाजूंना पाणी आणि चिखलाचा वास. तिसऱ्या दशकात कुणीतरी खोकलं, उत्तराचा सूर तुटला. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे मी म्हटलं, एकटीने, मोठ्याने.

जुन्या गोव्यात रांग लांब होती. मेणबत्ती लावली, पायरीवर बसून मोजे बदलले.