झिंगाट एकदाच

२०१७ च्या गॅदरिंगआधी आमच्या कॉलेजच्या फळ्यावर खडूने एक सूचना लागली होती : 'कोणतेही गाणे जास्तीत जास्त दोनदा. झिंगाट एकदाच.' खाली सांस्कृतिक विभागाच्या सरांची सही. सायन्सची पोरं लगेच सरांच्या केबिनपुढे जमा झाली. सर चष्मा पुसत म्हणाले, "अकरा ग्रुपांची नावं आलीत आणि अकराही झिंगाटवर. स्टेज मंडपवाल्याचं आहे रे, आपलं नाही."

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली फर्स्ट इयर कॉमर्सच्या मुलींची. बाकीच्या दहा ग्रुपांनी खाली बसूनच नाचायचं ठरवलं. बसून कसलं, खुर्च्यांवर उभं राहून. गाणं एकदाच वाजलं, नियम पाळला गेला. पण नाचलं सगळं कॉलेज, मागच्या कंपाउंडवर चढून बसलेल्या बाहेरच्या पोरांसकट. स्टेज वाचलं, सहा खुर्च्या गेल्या.

कॉलेजची तीन वर्षं म्हटलं की मला तीन गॅदरिंगच आठवतात. मधले तास, जर्नलं, प्रॅक्टिकलं सगळी एकमेकांत मिसळून गेलीत. सकाळी साडेसातचा तास, स्कूटीवर कुडकुडत यायचं, आणि उशीर झाला की कारण ठरलेलं : "सर, आज पाणी आलं होतं." तेव्हा सोलापुरात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे हे कारण कोणी खोटं म्हणू शकत नसे. सरांच्याही घरी त्याच दिवशी पाणी आलेलं असायचं, तेही आमच्याच मागून धापा टाकत वर्गात यायचे.

आम्ही चौघं होतो, आणि एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचो. हॉस्टेलची रीत ती, सगळ्या कॉलेजात पसरलेली. करमाळा तालुक्यातल्या एका गावची ती 'करमाळा'. रोज एसटीने ये-जा करणारा, घरी कानडी बोलणारा तो 'अक्कलकोट'. तिसरा सोलापूरच्याच पूर्व भागातला, म्हणून 'पूर्व भाग', घरात तेलुगू. त्याची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, समोर टीव्हीवर तेलुगू मालिका, नजर टीव्हीवर आणि बोटं विडीवर. दिवसाला हजार विड्या होईपर्यंत ती माऊली उठायची नाही, पण आम्ही गेलो की चहा मात्र व्हायचाच. मी जुळे सोलापूर या उपनगरातली, म्हणून 'जुळी'. तुझी दुसरी बहीण कुठल्या कॉलेजला आहे, असं मला नवीन पोरं खरोखर विचारायची.

चौघांना बांधून ठेवलं होतं सिनेमाने. एकमत होतं म्हणून नाही, कधीच व्हायचं नाही म्हणून. 'बाहुबली' २०१५ च्या जुलैत आला, तो आम्ही तिघांनी हिंदीत पाहिला आणि पूर्व भागाने तेलुगूत. तेव्हापासून त्याने आमच्या मतांना किंमत देणंच बंद केलं. "तेलुगूत रडू येतंय, हिंदीत निस्ता आवाज येतोय," हा त्याचा निकाल. अक्कलकोटच्या घरात देवांच्या रांगेत शेवटचा फोटो राजकुमारांचा होता, कन्नड सिनेमातल्या डॉ. राजकुमारांचा. त्यामुळे त्याच्या लेखी सिनेमा १९८० च्या आसपास संपलेला. करमाळा फार बोलायची नाही. मी मात्र बोलायचे. नुसती बोलायचे नाही, लिहायचे.

माझा छंद तोच. भित्तिपत्रकाला दर महिन्याला एक परीक्षण, आणि घरी एका डायरीत तिकिटं चिकटवलेली. तिकिटाखाली तारीख, कोणाबरोबर पाहिला, मध्यंतरात काय खाल्लं. भागवत थिएटरच्या आवारात एकाहून जास्त पडदे, तेव्हा एकाचं तिकीट नाही मिळालं तर दुसऱ्याला बसायचं. बाबा सांगायचे, मॉल-बिल यायच्या कितीतरी आधी आम्ही सोलापूरकर असेच जायचो, कोणता बघायचा ते फाटकात ठरायचं. ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पेनड्राइव्हवाल्या पोराची इज्जत एका महिन्यात संपली. त्याआधी त्याला कॅन्टीनमध्ये कधी चहाचे पैसे द्यावे लागले नव्हते.

गॅदरिंग यायचं गड्ड्यानंतर. गड्डा म्हणजे संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे. ते दिवस वर्गात कोणी नसायचंच. आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी नंदीध्वज पेलायची परंपरा. यात्रा झाली की तो खांदा धरून यायचा आणि आठवडाभर डाव्या हाताने लिहायचा. मग पोशाखाचा दिवस. पुण्याकडे म्हणे त्या दिवशी मुलं जीन्सवर झब्बा घालतात. आमच्याकडे निम्मी मुलं बाराबंदीत. पांढरीशुभ्र, इस्त्रीची, नुकतीच यात्रेत मिरवून आलेली. मुली आईची इरकल नेसून, पिना मोजत. या दिवसाला उगाच मॉडर्न व्हायचं नाही हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा कॉलेजात निवडणुका नव्हत्या, वर्गाचा प्रतिनिधी, म्हणजे सीआर, मार्कांवर ठरायचा. त्यामुळे पोरांना नाचायला गोळा करण्याचं काम वर्गातल्या सगळ्यात अभ्यासू आणि सगळ्यात मुखदुर्बळ मुलाच्या गळ्यात. आमचा सीआर नावं लिहून घ्यायला यायचा तेव्हा वहीच पुढे करायचा, बोलायचा नाही.

दुसऱ्या वर्षीचं, २०१६ चं गॅदरिंग सगळ्यात दाटीचं. डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' एकाच दिवशी लागलेले. दोन्हींचे पैसे नव्हते, आम्ही बाजीराव पाहिला. पिंग्यावरून पेपरात रण पेटलं होतं, काशीबाई अशी नाचेल का म्हणून. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे : नाचू द्या, पण त्या सिनेमात काशीबाई गप्प असते तेव्हा जास्त बोलते. गॅदरिंगला पिंगा चार वेळा झाला. चारही वेळा मस्तानी व्हायला भांडणं, काशीबाईला कोणी तयार नाही.

आणि जानेवारीच्या एक तारखेला 'नटसम्राट' लागलेला. नाना पाटेकरांनी अशी काही आग लावली होती की एकपात्रीला तीन नटसम्राट आले. तिघांनाही शाल हवी होती, कॉलेजच्या कपाटात एकही नव्हती. मग मुलींच्या हॉस्टेलमधून एक सोलापुरी चादर आणली, लाल-काळी, मोरांची नक्षी असलेली. तिघेही आळीपाळीने तीच पांघरून जगावं की मरावं विचारत होते. तिसऱ्याच्या वेळी मागून कोणीतरी ओरडलं, "आधी चादर परत दे बे, मग मर!" परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ शिरवाडकरांचं मूळ नाटक डॉ. लागूंचं पाहिलेले होते. त्यांनी बक्षीस तिघांनाही दिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणाले, "चादरीने काम चांगलं केलं."

चादरीवरून आठवलं, आमच्याकडे बक्षीस म्हणजे टॉवेल. कप-ढाल हे पहिल्या नंबराला, बाकी सगळ्यांना टॉवेल नाहीतर नॅपकिनचा जोड. गावात पिकतं ते वाटायचं. भित्तिपत्रकाला मला दोन वर्षं मिळून तीन टॉवेल मिळाले. नोटाबंदीनंतरच्या गॅदरिंगला तर दुकानदारांनी जाहिरातीचे पैसे द्यायला हात वर केले आणि त्याऐवजी माल दिला. त्या वर्षी रांगोळीला उत्तेजनार्थ म्हणूनसुद्धा टॉवेल होता.

मूकनाट्य ठरलेलं, सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ. हुतात्मा व्हायला सगळे तयार, गोरा सोजीर व्हायला कोणी नाही. तिन्ही वर्षं पावडर फासून अक्कलकोट सोजीर झाला, कारण उंच तोच होता. तिसऱ्या वर्षी त्याने अर्ध्यात बंदूक खाली ठेवली. "मला बी एकदा झेंडा धरू द्या की!" मूकनाट्यात हे वाक्य, आणि टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच.

एकदा मी परीक्षणाऐवजी डॉ. कोटणीसांवरच्या सिनेमाबद्दल लिहिलं. आपल्या सोलापूरचा मुलगा १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला जातो, १९४२ ला तिकडेच वारतो, आणि १९४६ ला व्ही. शांताराम स्वतः कोटणीस होऊन सिनेमा काढतात. आणि आमच्या वर्गात तो एकानेही पाहिलेला नाही, असं खरमरीत काहीतरी. वाचलं फारसं कोणी नाही. त्याच्या शेजारी कोणीतरी 'कट्यार काळजात घुसली'च्या पोस्टरवरून पेन्सिलीने खाँसाहेब काढले होते, गर्दी तिथे होती. मीही तिथेच होते.

फिशपाँड हा शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम. आठवडाभर पेटीत चिठ्ठ्या पडायच्या, सर त्यातल्या अर्ध्या फाडायचे, उरलेल्या सूत्रसंचालक वाचायचा. केमिस्ट्रीच्या सरांना पडलेला अजून पाठ आहे : 'कटप्पाने बाहुबलीला का मारलं ते पुढच्या भागात कळेल, पण जर्नलवर सही कधी होणार, ते कुठल्या भागात?' सर उठले, स्टेजवर गेले, माइक घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." मला पडलेला असा :

'पिक्चर होता तीन तासांचा,
परीक्षण सहा तासांचं;
थिएटर झाडून झालं तरी
जुळीचं मध्यंतर व्हायचंय!'

मी हसले, पण घरी जाऊन त्या महिन्याचं परीक्षण निम्म्याने कापलं.

आता करमाळ्याची गोष्ट. २०१६ च्या एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला आणि तिचं कॉलेजातलं जगणंच बदललं. सिनेमा तिच्याच तालुक्यात झालेला, नागराज मंजुळे तिकडच्याच जेऊरचे. तोवर करमाळा कुठे आहे हे न विचारणारी पोरं आता तिच्याभोवती. तू आर्चीला ओळखतेस का? आर्ची अकलूजची, हे सांगून ती दमली. बुलेट चालवतेस का? ती विहीर कुठे आहे? ती आधीच कमी बोलायची, त्या वर्षी आणखी कमी बोलू लागली.

मी परीक्षणात लिहिलं होतं की एकशे चौऱ्याहत्तर मिनिटांच्या या सिनेमात मध्यंतरापूर्वीचा भाग अर्धा तास कमी हवा होता. शेवट थरकाप उडवणारा, शहरातली झोपडपट्टी खरी. पण आधीचं क्रिकेट, पोहणं, चिठ्ठ्या, गाण्यांवर गाणी, किती वेळ? मला वाटलं होतं, मी फार समजून लिहिलंय. पूर्व भागाने पहिल्यांदा माझ्याशी सहमती दाखवली, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

२०१७ च्या फिशपाँडमध्ये करमाळ्याला अपेक्षेप्रमाणे पडला : 'आर्चीच्या गावची म्हणे ही पोरगी, बुलेट सोडा, सायकल तरी येते का?' हॉल खदखदला. सूत्रसंचालक पुढची चिठ्ठी उघडत होता, तेवढ्यात ती उठली. तीन वर्षांत पहिल्यांदा स्टेजवर चढली. माइक तिच्या उंचीला वर होता, तिने तो खाली केला नाही, टाचा उंचावल्या.

"सायकल येत नाही. कधी घेतली नाही घरात. ट्रॅक्टर येतो. दहावीपासून चालवते, केळी भरून नेते. कुणाला बसायचं आसलं तर या."

आणि उतरली. काही क्षण कोणाला कळेना हसावं का. मग सांस्कृतिकचे सर पहिल्या रांगेतून उठून टाळ्या वाजवायला लागले. हजरजबाबीपणाचं बक्षीस असा प्रकार आमच्या यादीत नव्हता. तो त्या संध्याकाळी तयार झाला. बक्षीस अर्थात टॉवेल. निळा, मोठा, कडेला पांढऱ्या रेघा असलेला. तेवढ्यानंतर लागलं ते झिंगाट, ज्यात सहा खुर्च्या गेल्या. ती नाचली नाही. मंडपाच्या खांबाला टेकून, टॉवेल छातीशी धरून बघत होती, आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी भित्तिपत्रक उतरवायला गेले. जुन्या अंकांबरोबर सैराटचं परीक्षण पुन्हा लावलं होतं, त्याच्या खाली बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'मध्यंतराआधीचं परत बघ.' सही नव्हती. जर्नलं चार वर्षं, म्हणजे तीनच, पण चार वाटावीत इतक्या वेळा तिचीच उतरवल्यामुळे अक्षर मला ओळखू आलं. तो कोपरा कापून मी डायरीत तिकिटाशेजारी चिकटवला.

शेवटचा पेपर झाल्यावर मे महिन्यात तिच्या गावाला गेले. एसटीतून उतरले तेव्हा दुपारचे बारा, ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. तिच्या आईने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. जेवण झाल्यावर टीव्हीवर योगायोगाने सैराटच लागला. योगायोग म्हणजे काय, त्या वर्षी तो सारखा कुठल्यातरी चॅनेलला असायचाच. आम्ही फरशीवर आडव्या होऊन बघितला. खिडकीतून केळीची बाग दिसत होती, आणि टीव्हीतही केळीची बाग. टीव्हीत क्रिकेटचा समालोचक ओरडत होता, आणि शेजारच्या ओसरीवर तिचा चुलतभाऊ हुबेहूब त्याच सुरात कोणालातरी हाका मारत होता. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. तिची आई मात्र मधेच म्हणाली, "आमच्यात बी आशीच भरवत्यात मॅच, पण बक्षीस एवढं नसतंय."

मध्यंतराच्या जरा आधी लाईट गेली. पंखा घरघरत थांबला.

"कधी येईल?" मी विचारलं.

"रात्री," करमाळा म्हणाली. उठली, खुंटीवरचा निळा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "बघायचं तेवढं बघून झालं की. चल, विहिरीवर."

मला पोहता येत नाही, हे तिला तिथे काठावर पोहोचल्यावर सांगितलं.