नोकरी सुटली, नाव सुटेना

मी फार्मासिस्ट. डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा), फार्मसी कौन्सिलची नोंदणी, मुलाखत, पहिला पगार हे सगळं वेळच्या वेळी झालं, त्यावर लिहावं असं काही नाही. मेडिकल दुकानांच्या एका मोठ्या साखळीतून बाहेर पडताना मला जे सोसावं लागलं, त्याबद्दल लिहितेय. अजून आठवलं की संताप येतो.

काम मात्र मला मनापासून आवडायचं. सकाळच्या शिफ्टला शटर वर गेलं की पहिल्यांदा फ्रिजचं तापमान बघून लिहायचं, कारण इन्सुलिन २ ते ८ अंशांतच राहायला हवं. मग आलेला माल बॅच नंबर आणि एक्सपायरी ताडून रॅकला लावायचा. शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता न येणाऱ्या आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांची यादी, तिचं रजिस्टर मी स्वतः लिहायचे. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, सेफिक्झिम अशी औषधं त्यात येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी नसेल तर मी देत नसे. गिऱ्हाईक परत गेलं की एरिया मॅनेजर सर विचारायचे, "मॅडम, बिल का सोडलं?" महिनाअखेरीला कंपनीच्या स्वतःच्या प्रोटीन पावडरचं टार्गेट असायचं ते वेगळंच. ज्या काकांना साखरेची गोळी कधी घ्यायची हे समजावून सांगायचं, त्यांनाच पावडरचा डबा पुढे करायचा, हे माझ्या जिवावर यायचं. म्हणून सिन्नरकडच्या एका लहान मेडिकलची नोकरी मिळाली तेव्हा मी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर घेतलं.

इथून पुढे सगळं अडलं.

नवीन मालकांनी दुकानाच्या औषधविक्री परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव चढवायला अर्ज भरला, तर एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) नोंदीत मी अजून जुन्या शाखेचीच फार्मासिस्ट. एका वेळी एकाच दुकानाच्या परवान्यावर नाव राहू शकतं. म्हणजे तिकडून मोकळं झाल्याशिवाय इकडे लागणार नाही, आणि नाव लागल्याशिवाय मी काउंटरला उभी राहू शकणार नाही.

मुख्य कार्यालयात फोन केला. एचआरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमची एक्झिट क्लोज झालेली दिसतेय." तिच्या कॉम्प्युटरवर होती क्लोज! कंपनीतून बाहेर पडणं वेगळं आणि परवान्यावरून नाव निघणं वेगळं, हे तिला किती प्रकारे सांगितलं. ती दरवेळी तिकीट (कंपनीच्या सिस्टिमवर तक्रारीची नोंद) टाकायची आणि ते तिकीट दरवेळी 'निकाली' व्हायचं. शेवटी एरिया मॅनेजर सरांना गाठलं तेव्हा खरं कारण कळलं. ते म्हणाले, "दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत जरा थांबा ना, तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय! नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरची औषधं विकता येत नाहीत, म्हणून ती शाखा माझ्या नावावर उघडी ठेवली होती. शेजारच्या मावशी त्यांच्या गोळ्या तिथूनच आणतात. त्यांनी सहज बिल दाखवलं. तारीख मी सोडल्यानंतरची, आणि तळाशी फार्मासिस्ट म्हणून माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक. हात थरथरायला लागले माझे. त्या काउंटरवरून कुणाला चुकीचं औषध गेलं असतं, तर जाब मला विचारला असता. तिकडे नवीन मालक रोज विचारत होते, "ताई, झालं का?" आणि पगार बंद.

ते बिल हीच माझी सुटका ठरली. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयात गेले. तिथल्या औषध निरीक्षक साहेबांनी बसवून घेतलं, बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मालकाची वाट कशाला बघताय? तुम्ही स्वतः अर्ज द्या." फार्मासिस्ट बदलला की कळवायची जबाबदारी परवानाधारकाची, पण त्याने नाही कळवलं तर आपण कळवू शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! राजीनाम्याची प्रत, रिलीव्हिंग लेटर, नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि ते बिल जोडून अर्ज दिला, स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. तीच प्रत रजिस्टर्ड एडीने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पाठवली. त्यानंतर ज्यांना इतके दिवस वेळ नव्हता, त्यांनी लगेच नाव मोकळं केलं. ज्या दिवशी सिन्नरच्या परवान्यावर माझं नाव आलं, त्या दिवशी मी आईला फोन करून रडले.

तुम्ही अशा ठिकाणी असाल तर राजीनामा देतानाच दुसरं पत्र द्या: 'अमुक तारखेपासून या शाखेच्या परवान्यावरून माझं नाव कमी करावे.' शाखेचा शिक्का आणि सही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'ओके मॅडम' चालत नाही. नवीन ठिकाणी रुजू व्हायची तारीख देण्याआधी जुनं नाव निघाल्याची खात्री करा.

अजून एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. साखळीत "आज त्या शाखेला जा, तिथला फार्मासिस्ट सुट्टीवर आहे" असं सर्रास सांगतात. ज्या शाखेच्या परवान्यावर आपलं नाव नाही, तिथे एकट्याने काउंटर सांभाळू नका, आणि पाठवलंच तर आदेश ईमेलवर मागा. मी मागायला लागल्यावर मला पाठवणं आपोआप कमी झालं.

आणि नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र 'फाइलला ठेवतो' म्हणून कुणी मागितलं, तर देऊ नका. दाखवा, झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ कागद त्याच दिवशी घरी न्या. माझ्या एका मैत्रिणीचं अजून कंपनीकडेच आहे. तिचा अर्ज आम्ही या आठवड्यात लिहितोय.