एका पत्राने कंपनीला काय फरक पडतो?

हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना, त्यांची उपकरणे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावीत म्हणून, मी गेली काही वर्षे पत्रे लिहीत आले आहे. हे कळल्यावर लोक हटकून विचारतात, की लिनक्स वापरणाऱ्या एकट्यादुकट्या ग्राहकाच्या पत्राने कंपनीला काय फरक पडतो? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझे पहिले पत्र एका स्कॅनरसंबंधी होते. जोडल्यावर त्याचा क्रमांक लिनक्सला दिसत असे, पण कागद मात्र स्कॅन होत नसे. ‘आपण लिनक्सला सपोर्ट द्यावा’ असे मी लिहिले आणि ‘या ऑपरेटिंग सिस्टिमला आमचा सपोर्ट नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. तेव्हा राग आला होता, पण आता वाटते की चूक माझ्या मागणीतच होती. सपोर्ट म्हटले की कंपनीला चाचण्या, तक्रारी ऐकणारी माणसे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीची जबाबदारी, असा न संपणारा खर्च दिसतो, आणि तो मूठभर ग्राहकांसाठी कोणी करणार नाही.

वास्तविक ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला उपकरण चालवता यावे यासाठीचा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना कंपनीकडून हवे असते ते फार थोडे : उपकरणाला कोणत्या आज्ञा द्यायच्या आणि कोणत्या रजिस्टरचा (चिपमधल्या आकडे ठेवण्याच्या जागेचा) अर्थ काय, हे सांगणारी तांत्रिक कागदपत्रे, आणि उपकरणात चढवावे लागणारे फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) सिस्टिमसोबत वाटण्याची लेखी परवानगी. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीरपणे सांगितले होते, की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, आणि गरज पडल्यास गोपनीयतेच्या करारावर सहीही करतो. त्याच वर्षी एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमचे संस्थापक थिओ डी राट यांना मात्र असा करार मुळीच मान्य नाही. करारामुळे आज एकाला माहिती मिळते, पण पाच वर्षांनी तो कोड दुरुस्त करायला बसणाऱ्या दुसऱ्याच्या हाती केवळ अर्थ न लागणारे आकडे उरतात. त्यांचा हट्ट व्यवहाराला जड असला, तरी याबाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

संतापाने किती साधते, याविषयी मला शंका आहे. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधील एका भाषणात ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले, त्याची चर्चा खूप झाली. त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तो २०२२ मध्ये, आणि तोवर तिचा फार मोठा धंदा लिनक्सवर चालणाऱ्या डेटा सेंटरांकडे गेला होता. मला वाटते, त्या बोटापेक्षा या गिऱ्हाइकांचे वजन अधिक पडले असावे. (तिचे फर्मवेअर आणि वापरकर्त्याच्या बाजूचे सॉफ्टवेअर त्यानंतरही बंदच राहिले.)

म्हणूनच हल्ली मी वस्तू घेण्याआधी लिहिते. पैसे मोजून झालेल्या माणसाचे पत्र तक्रार विभागात जाते, पण अजून न घेतलेल्याचे पत्र विक्री विभाग निदान उघडून तरी पाहतो. त्यात मॉडेलचे नाव, आतली चिप, कोणता कागद हवा आहे आणि तो नसल्यामुळे मी दुसरे कोणते उपकरण घेणार आहे, एवढेच असते. उत्तरे थोडीच येतात, आणि त्यांतही उपयोगाची फार कमी. परंतु एकाच संस्थेसाठी पन्नास यंत्रे घेणाऱ्याने कागदपत्रांची हीच मागणी निविदेत घातली, तर ती माझ्या दहा पत्रांहून लवकर वाचली जाते, त्यामुळे अशा खरेदीदारांना गाठण्यात मी आता अधिक वेळ घालवते.

त्या स्कॅनरचे पुढे काय झाले, हेही तुम्ही विचाराल. कोणीतरी विंडोजवर तो चालताना यूएसबीच्या तारेतून काय जाते-येते ते टिपून, अंदाज बांधत, त्याचा ड्रायव्हर लिहिला. लिनक्सवर तो आजही चालतो. कंपनीने मात्र ते मॉडेल केव्हाच बंद केले आणि नव्या विंडोजसाठी तिचा स्वतःचा ड्रायव्हर निघालाच नाही.