वेळेआधीच ताठ होणारा हात

माझी मुलगी तेरा वर्षांची असून छत्रपती संभाजीनगरमध्ये चार वर्षांपासून तलवारबाजी शिकते. ती फॉइल, म्हणजे टोकाने स्पर्श करून गुण घ्यायची हलकी तलवार, खेळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याला पवित्रा घेताना उजवा पाय पुढे, चेहरा उजव्या खांद्यावरून प्रतिस्पर्ध्याकडे आणि शस्त्राचा हात कोपरात किंचित वाकलेला ठेवावा लागतो; तिचा हात मात्र हल्ला सुरू होण्याआधीच ताठ व्हायचा आणि समोरची मुलगी तेवढ्यात पाते बाजूला सारून गुण घ्यायची. गटातील सामना पाच गुणांचा आणि जेमतेम तीन मिनिटांचा असतो. त्यात ही चूक दोन-तीनदा झाली की सामना हातचा गेलाच. सर मैदानावर ओरडायचे, मी घरी रागवायचे. दोन वर्षे आम्ही याला ‘लक्ष नाही’ असे म्हणत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

मान दुखते म्हणून तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा बोलता बोलता हाताचा विषय निघाला. त्यांनी सांगितले की तान्ह्या बाळाची मान एका बाजूला वळली, की त्या बाजूचे हातपाय ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे आखडतात. बाळ तेव्हा तलवारबाजासारखे दिसते, म्हणून वैद्यकशास्त्रात या स्थितीला तलवारबाजाचा पवित्रा असेच म्हणतात. मेंदू परिपक्व होत जातो तशी ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण सहा महिन्यांपर्यंत दबते. दचकून दोन्ही हात फाकवण्याची क्रिया, जिचे वर्णन एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये केले, तीही याच सुमारास ओसरते. काही मुलांमध्ये अशा क्रियांचा अंश पुढेही दिसतो आणि तो निरोगी मुलांतही सापडतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, असे त्यांनी आवर्जून सांगितले. तरीही तिची चाल, स्नायूंची ताकद आणि गुडघ्याचे झटके तपासून मज्जासंस्थेचा आजार नसल्याची खात्री करूनच त्यांनी आम्हाला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले.

बाईंनी सतरंजीवर मुलीला घोड्यासारखे हात-गुडघ्यांवर उभे केले, डोळे मिटायला सांगितले आणि तिचे डोके दोन्ही हातांनी धरून अगदी सावकाश उजवीकडे वळवले. डावे कोपर वाकले आणि खांदा खाली आला. पुन्हा वळवले, पुन्हा वाकले. मुलगी म्हणाली, “आई, मी नाही वाकवत गं.” मला भरून आले, कारण सरांना आणि मला ती दोन वर्षे हेच सांगत होती.

ती रांगली फार थोडी आणि पांगुळगाड्यात बराच काळ होती, हे मी अपराधी मनाने बाईंना सांगितले. त्यावरून कारण ठरवता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मध्यंतरी अशा व्यायामांच्या एका खासगी केंद्रात चौकशी केली, तर पहिल्याच भेटीत वर्षभराचे शुल्क आगाऊ मागून पदकाची हमी दिली गेली. आम्ही उठून आलो. व्यायामाने ही क्रिया दबते आणि खेळ सुधारतो याचे पुरावे अजून मर्यादित आहेत, हे बाईंनी स्वतःहून सांगितले होते; त्या प्रामाणिकपणामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

व्यायाम रोज दहा मिनिटांचा होता: हात-गुडघ्यांवर राहून कोपरे न वाकवता मान सावकाश दोन्हीकडे वळवणे आणि विरुद्ध हात-पाय एकाच वेळी पुढे टाकत रांगणे. पाठीवर पाण्याची वाटी ठेवायची, ती हिंदकळू द्यायची नाही. पहिल्या पंधरवड्यात सतरंजी रोज भिजायची आणि तेरा वर्षांच्या मुलीला रांगायची लाज वाटायची, म्हणून संध्याकाळी दार लावून मीही तिच्यासोबत रांगत असे. सरांना सतरंजीवरची चाचणी दाखवली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तिच्या सरावात मान वळवून हात सैल ठेवण्याचे संथ धडे घातले आणि ओरडणे थांबवले. पाच महिन्यांनी वाटी बहुतेक वेळा स्थिर राहू लागली आणि हाताचे ताठ होणे बरेच कमी झाले. यात व्यायामाचा वाटा किती, सरांच्या बदललेल्या पद्धतीचा किती आणि वाढत्या वयाचा किती, हे मी सांगू शकत नाही.

सराव लांबला आणि ती दमली, की हात अजूनही कधीकधी आधी ताठ होतो. आता ती स्वतःच मुखवटा वर करते, “सर, एक मिनिट,” म्हणते, खांदा सैल सोडते आणि पुन्हा पवित्रा घेते.