ओळंबा लावून घेतलेली सायकल

पहिली रोड बाईक विकली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि तिच्यावर जेमतेम 1400 किलोमीटर झाले होते. घेणारा मुलगा पाच फूट सहा इंच. बसला आणि लगेच म्हणाला, "काकू, मस्त आहे की, का विकताय?" त्याला काय सांगणार. तुला मस्त आहे म्हणूनच विकतेय बाबा.

माझी उंची 148 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंचांना जरा वर. वजन 47 किलो. नोकरी बँकेत, काउंटरवर. राहते साताऱ्यात, म्हणजे घराबाहेर पडलं की घाटच. लहानपणी अण्णांच्या मोठ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले, नंतर लेडीबर्ड आली, मग वीस वर्षं काही नाही. चाळिशीनंतर पुन्हा सुरू केलं. इथल्या चार जणांनी 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते ती, आणि मला वाटलं आपणही करावी. त्यासाठी रोड बाईक हवी, आणि साताऱ्यात बघायला फारसं काही नाही म्हणून पुणं गाठलं.

दुकान मोठं होतं, मुलं नम्र होती. "मॅडम, ही एस साईज, लेडीजना हीच देतो आम्ही." सीट पार खाली केली, मी बसले, पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. पाय पोचत होते. पाय पोचले म्हणजे साईज बरोबर, असं त्याला वाटलं आणि मलाही. सगळा घोटाळा इथेच झाला. सीट खाली-वर करून पाय कुठल्याही सायकलवर पोचवता येतात. हात पोचवायला सीटसारखी सोय नसते.

महिन्याभरात उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. रविवारी यवतेश्वरचा घाट करून आले की सोमवारी नोटांचं बंडल सरकवताना त्या दोन बोटांना कागद लागतच नसे. मान आखडायची, खांदे कानाला टेकल्यासारखे वर. दुकानात परत गेले. त्यांनी हँडल धरणारा स्टेम बदलून आखूड घातला आणि सीट तिच्याखालच्या रेल्सवर जाईल तितकी पुढे सरकवली. हात आले जवळ. पंधरा दिवसांनी गुडघे समोरून दुखायला लागले. मी पुन्हा फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, सवय होईल, कोअर स्ट्रेंथ वाढवा." वाढवली हो. तीन महिने प्लँक केले. प्लँकने हात लांब होत नाहीत.

आता कळतं ते असं: सीट पुढे-मागे सरकवायची ती पायांसाठी, पायडलच्या हिशोबात. हात पोचत नाहीत म्हणून सीट पुढे ढकलली की एक दुखणं जातं आणि दुसरं येतं.

त्यातच मी पडले. पोवई नाक्याजवळ, जवळजवळ उभ्या उभ्याच. हळू वेगात यू-टर्न घेताना पुढचं चाक वळलं आणि माझ्या बुटाच्या टोकाला टायर अडला. लहान फ्रेमला 700 मापाचं, म्हणजे रोड बाईकचं नेहमीचं मोठं चाक बसवलं की पुढचं चाक आणि पायडल यांच्यात जागाच उरत नाही. वेगात असताना हँडल इतकं वळतच नाही, त्यामुळे हे लक्षात येत नाही. हळू असताना येतं, आणि तेही रस्त्यावर बसूनच. ढोपर फुटलं. रिक्षावाले दादा सायकल उचलायला आले आणि म्हणाले, "ताई, ही गाडी तुम्हाला मोठी होतीय." अकरा महिन्यांत एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

मग मात्र मी ठरवलं की आता कुणाचं ऐकण्याआधी मापं घ्यायची.

आधी स्वतःची. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, पायांत जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं 67. याला 0.883ने गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्याला लागतं त्या दांड्याच्या, मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण मिळते. माझी 59 सेंटिमीटर. हा आकडा अंतिम नाही, सुरुवातीपुरता आहे. मी शेवटी 58.6वर थांबले.

मग सायकलची. दांडीवर लिहिलेली साईज म्हणजे बाजारातल्या ब्लाऊजसारखी, एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीचा एम असतो. खरे आकडे दोन, स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून सरळ वर एक रेघ काढली, तर हँडलची नळी जिथून वर येते त्या हेडट्यूबचा माथा त्या रेघेपासून किती पुढे आहे तो रीच, आणि क्रँकच्या मध्यापासून किती उंच आहे तो स्टॅक. कंपन्या वेबसाइटवर देतात. पण माझ्याकडच्या सायकलचं मॉडेल जुन्या वर्षाचं होतं, ते काही मिळेना.

मी अण्णांना म्हटलं, कसं मोजू? अण्णांनी चाळीस वर्षं बांधकामावर मिस्त्री म्हणून काढली. ते काही न बोलता आत गेले आणि ओळंबा घेऊन आले. तोच पितळी, दोरा काळा पडलेला. सायकलचं मागचं चाक भिंतीला टेकवून उभी करायची, क्रँकच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकतो तिथून भिंतीपर्यंत अंतर घ्यायचं. मग हेडट्यूबच्या माथ्यावरून तसंच. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रीच. मी हॉलमध्येच सुरू करणार, तर म्हणाले, "इथं नको. फरशीला मोरीकडं उतार आहे. मीच दिलाय." मग बाहेर ओसरीत लेव्हल लावून, चाकाखाली पुठ्ठ्याची घडी घालून घेतलं. भिंतीपासून क्रँक 74.4, हेडट्यूब 112.2. रीच 37.8. उंचीचं तसंच: 81 वजा 27, स्टॅक 54. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा झाल्या, आई ओरडली.

हे आकडे घेऊन मी महिनाभर वेबसाइटवरचे तक्ते बघत बसले आणि एक लबाडी कळली. लहान साईजच्या फ्रेममध्ये वरची दांडी कागदावर आखूड दिसावी म्हणून सीटची नळी जास्त उभी करतात. 73 अंशांच्या जागी 75. माझ्या सीटच्या उंचीला एका अंशाने साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दांडी दोन सेंटिमीटर आखूड दिसते. पण पायांसाठी सीट तेवढीच मागे सरकवावी लागते आणि हँडल होतं तिथेच राहतं. लबाडी म्हणतेय खरी, पण त्यांचीही अडचण आहे. 700चं चाक ठेवून पुढचं अंतर कमी केलं तर बूट चाकाला लागतो. चाक लहान केल्याशिवाय फ्रेम खरी लहान होत नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनियर बाईंनी 1985मध्ये स्वतःची कंपनी काढली ती याच मुद्द्यावर: मागे नेहमीचं चाक आणि पुढे 24 इंची. दिसायला विचित्र, पण बुटकीच्या बाजूने विचार केलेला.

"लेडीज" या लेबलावर माझा विश्वास मात्र फार उरलेला नाही. लिव्ह ही जायंटची बायकांसाठीची शाखा फ्रेम वेगळी बनवते. उलट स्पेशलाइज्डने वेगळी फ्रेम सोडून दिली, त्यांचं म्हणणं असं की बाई आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरक मोठा. मला दोन्ही पटतं. न पटणारी तिसरी जात: तीच फ्रेम, तेच 42 सेंटिमीटर रुंद हँडल, वर जांभळा रंग आणि जाड गादीची सीट.

मध्यंतरी एक जुनी सायकल मिळत होती, 650 सी या लहान मापाच्या चाकांची, फ्रेम अंगाला अगदी चपखल. नवरा म्हणाला घेऊन टाक. मी आधी टायरच्या दुकानात गेले. काका म्हणाले, सव्वीस इंची ना, आहे की. आणि त्यांनी काढून दाखवलेल्या टायरवर बारीक अक्षरात 590 होतं, दुसऱ्यावर 559. मला हवं होतं 571. सगळे सव्वीस इंचीच म्हणवतात आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवरचा हा तीन आकडी नंबर वाचायला शिका, फार पैसे वाचतात. 650 बी असती तर तिचा 584, जो साडेसत्तावीस इंची एमटीबीलाही, म्हणजे डोंगरी सायकललाही, चालतो, काहीतरी मिळालं असतं. 571साठी प्रत्येक पंक्चरला परगावाहून पार्सल मागवत बसणं मला झेपणारं नव्हतं. सोडली. अजून थोडी हळहळ आहे.

मग पिशवीत ओळंबा आणि टेप घेऊन दुकानं पालथी घातली. पुण्यात एका पोराने विचारलं, "ताई, भिंत बांधायचीय का?" हसले, पण मापं घेऊ दिली त्याने. दुसऱ्या एका ठिकाणी मालकच पुढे आले, "आम्ही रोज विकतो हो सायकली," असं म्हणून. तिथून बाहेर पडले.

शेवटी मिळाली ती कोल्हापूरला, एका बाईंनी फारशी न वापरलेली. रीच 35.9, स्टॅक 51.2. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, तुमचे पाय माझे नाहीत. रीचमधले जवळजवळ दोन सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. मी बसले, हात हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर, ठेवले, आणि कोपर आपोआप वाकलं. पहिल्या सायकलवर ते कधी वाकलंच नव्हतं. त्या बाईंच्या अंगणातच मी ठरवून टाकलं, भाव नंतर केला.

बाकीचं हळूहळू बदललं. हँडल 42चं होतं ते 38 केलं, खांद्यांच्या हाडांइतकं. ते बदलताना मनात आलं, यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, 2026पासून शर्यतीतल्या हँडलची बाहेरून बाहेर रुंदी किमान 400 मिलिमीटर हवी असा नियम केलाय आणि लहान चणीच्या बायकांनी त्यावर तक्रार केली ती उगाच नव्हे. मला शर्यत नाही, मला चालतं.

क्रँक 170 मिलिमीटर लांबीची होती, 165ची घातली. पाच मिलिमीटरने काय होतंय, असं मेकॅनिकही म्हणाला. पण क्रँक पाचने आखूड झाली की सीट पाचने वर घेता येते, म्हणजे पायडल सगळ्यात वर असताना मांडी आणि पोट यांच्यात एकूण दहा मिलिमीटर जागा वाढते. आखूड पायाच्या माणसाला घाट चढताना ती जागा कळते.

ब्रेकची लिव्हर माझ्या बोटांना लांब पडायची, म्हणून पूर्वी यवतेश्वरच्या उतारावर मी दोन बोटांच्या टोकांनी कसंबसं दाबत यायचे आणि तळहात पेटायचे. लिव्हरमध्ये एक लहान स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. षटकोनी पान्याचं काम, दहा मिनिटांचं. पहिल्या सायकललाही तो स्क्रू होता, हे नंतर लक्षात आलं. अकरा महिने मी त्या उतारावर जीव मुठीत धरून यायचे, आणि एकाही माणसाने सांगितलं नाही.

सीटसाठी पन्हाळी पुठ्ठ्यावर कडक खुर्चीत बसायचं, दोन खड्डे उमटतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. माझं 12 सेंटिमीटर आलं. 155 मिलिमीटरची, मधे खाच असलेली सीट घेतली. जाड गादीवाली नको, ती मऊ असते तेवढीच टोचते.

आणि हवा. पंप हातात घेतला की प्रत्येक जण "110 मारतो मॅडम" म्हणतो, म्हणजे 110 पीएसआय दाब. 47 किलोच्या बाईला 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 110 म्हणजे दगडावर बसणं. मी 60च्या आसपास ठेवते. बोटांच्या बधिरपणातला काही भाग यानेच गेला असावा.

गियरच्या चकत्यांचे दाते पुढे 50-34, मागे 11-34. समर्थ मंदिराकडून घाट चढताना 34ला 34 लावते आणि लाज वाटून घेत नाही.

बीआरएम डिसेंबरमध्ये झाली, 12 तास 50 मिनिटांत. शेवटचे चाळीस किलोमीटर ढुंगण दुखत होतं, बोटं नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. बूट आणि पुढचं चाक यांच्यात या सायकलवर चार-पाच मिलिमीटर जागा आहे, तीही क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पायडलमध्ये अडकणारी पट्टी, थोडी पुढे घेऊन पाऊल मागे आणलं म्हणून. हळू वळताना आतला पाय वर ठेवायची सवय लावून घेतलीय. पण मडगार्ड लावलं की ती जागा संपते आणि बूट घासतो. सप्टेंबरात कासला जायचं तर पुढचं मडगार्ड काढूनच जावं लागतं. परत येते तेव्हा चष्म्यापर्यंत तांबडी माती उडालेली असते, आणि आई मला ओसरीतच थांबवून पाण्याची बादली आणते.