काका सॉरी का म्हणाले

आमच्या सरकारी दाखल्याच्या ऑनलाइन फॉर्मच्या टेस्टिंगला आज आलेले काका मला सॉरी म्हणाले आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. झालंय एवढंच. बाकी दिवस नेहमीसारखाच, सकाळी व्हेंडरशी (फॉर्म बनवणारी कंपनी) कचकच, दुपारी साहेबांसमोर आकड्यांचा डॅशबोर्ड, मधे टेस्टिंग. रिसर्चरला विचारलं की तुला काही वाटलं का, तर म्हणाली, "अगं सगळेच म्हणतात, तू पहिल्यांदा ऐकलंस का?" हे तर अजूनच वाईट ना.

काका खरं तर मस्त भरत होते फॉर्म. एका बोटानं टायपिंग, पण ठाम. तिसऱ्या पानावर जुन्या दाखल्याचा क्रमांक विचारलाय, आणि तो दाखला काकांच्या पिशवीत, पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये अजून एक पाकीट. एकेक कागद काढायचा, उलटा करायचा, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांपाशी न्यायचा. दाखला सापडला तर त्याच्यावर क्रमांक दोन, एक छापलेला आणि एक शाईनं हातानं लिहिलेला, आता यातला कुठला? टेस्टिंगमध्ये आपण मदत करायची नसते, त्यामुळे मी हाताची घडी घालून बसलेली. शेवटी त्यांनी छापलेला निवडला (बरोबर होता), खुशीत लॅपटॉपकडे वळले, बोट उचललं, तर पान गायब. वर लाल पट्टी, 'आपण बराच वेळ निष्क्रिय असल्याने आपले सत्र समाप्त करण्यात आले आहे.'

निष्क्रिय म्हणे! माणूस अख्खी पिशवी उपसत होता.

आणि काकांनी स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "माझ्या हातून काही झालं का? सॉरी हां मॅडम, माझंच चुकलं असणार. मी जरा हळू आहे." मी म्हटलं नाही काका, तुमचं काही नाही, आम्ही फॉर्मची परीक्षा घेतोय, तुमची नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येकाला सुरुवातीलाच ऐकवतो, छापील आहे ते. काकांनी मान हलवली, म्हणजे वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी, आणि पुन्हा म्हणाले, "नाही नाही, मी आधी काढून ठेवायला पाहिजे होतं."

मग त्यांनी एक कोरा कागद मागितला. आणि पहिल्या पानापासून एकेक प्रश्न वाचून, त्याच्यापुढे आपलं उत्तर, असं सगळं ओळीनं कागदावर उतरवून काढलं. अक्षर सुरेख. फॉर्मच्या क्रमानंच, समासात आकडे घालून. ते झाल्यावर कागद लॅपटॉपला टेकवून ठेवला आणि बघून बघून भराभरा टाइप करून मोकळे. आम्ही इतक्या मिटिंगा आणि इतकी भांडणं करून जो कागदी फॉर्म बंद केला, तो काकांनी माझ्यासमोर बसून स्वतःच्या हातानं परत तयार केला. आणि जाताना मला थँक्यू म्हणाले.

मला त्या थँक्यूचं काही नाही. सॉरीचं आहे.

आधीच्या नोकरीत, ऑनलाइन विक्रीवाल्या कंपनीत, टेस्टिंगला लोक यायचे तेव्हा काय बोलायचे! एक बाई तर तोंडावर म्हणाली होती, "हे काय बंडल ॲप आहे, मी तर दुसऱ्यावरून घेते." आम्ही दिवसभर तोंडं पाडून बसलो होतो. आता वाटतं किती निरोगी होतं ते. तिला राग येऊ शकत होता कारण तिला जायला दुसरी जागा होती. काका कुठे जाणार? हा दाखला देणारं दुसरं खातं नाही, दुसरं ॲप नाही, त्यांना तो हवाच आहे. जिथून उठून जाता येत नाही तिथे माणूस चूक स्वतःकडे घेतो की काय कोण जाणे. म्हणजे निदान मग पुढचं दार उघडं राहतं, साहेब लोक चिडत नाहीत. मी साहेब लोकांत मोडते हे मला आज पहिल्यांदा कळलं आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

बरं, यात सगळ्यात जास्त काय झोंबलं ते दुपारी. डॅशबोर्ड उघडला, त्यात काका होतेच, टेस्टिंगचं खातं वगळायचं कोणीतरी विसरलं होतं. तर काकांचा पहिला प्रयत्न झाला 'अपूर्ण सत्र', जे आम्ही आता मोजतच नाही कारण साहेबांना तो आकडा आवडत नाही. आणि दुसरा प्रयत्न, कागदावरून बघून केलेला, तो 'पूर्ण', तोही सरासरीपेक्षा पुष्कळ कमी वेळात! काकांमुळे आमचा सरासरी वेळ सुधारला. शिवाय एकच माणूस दोनदा आला म्हणून 'पुन्हा भेट देणारे नागरिक' मध्येही एकाची भर. साहेब म्हणाले, वा, लोक परत परत येतायत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रिटन सरकारच्या डिजिटल टीमनं, जीडीएसनं, प्रत्येक सेवेला चारच गोष्टी मोजायला लावल्या होत्या, एका व्यवहाराचा खर्च, समाधान, किती जणांनी पूर्ण केलं आणि किती जण ऑनलाइन आले. फार शहाणी यादी आहे, मी स्वतः ती साहेबांच्या गळी उतरवली. पण त्या चारातल्या तीन ठिकाणी काका हिरवे दिसतात हो. समाधानाला तर त्यांनी पाचपैकी पाच दिले. माझंच चुकलं म्हणणारा माणूस दुसरं काय देणार.

त्या २०१३ च्या अमेरिकेतल्या विमा साइटची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबरला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी मोजून सहा जणांची नोंदणी पार पडली. सहा! पण मग बघा, देशभर बोंब झाली, बाहेरून इंजिनिअर आणून बसवले, साइट उभी केली, पुढच्या वर्षी त्याच्यातूनच सरकारी साइट सुधारणारं पथक, यूएस डिजिटल सर्व्हिस, निघालं. मोठी फजिती झाली की मदत येते. काकांची फजिती कुणाला दिसणार? फॉर्म भरला गेला ना. लाल दिवा लागलाच नाही.

इथून पुढे मला स्वतःचीच कीव यायला लागली, ते लिहून टाकते म्हणजे संपेल. मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे म्हणजे काय आहे? टेंडर माझ्या आधी निघालं. त्यात फॉर्मची पानं किती, प्रश्न किती, सगळं परिशिष्टात गोठवलेलं. त्याच्यातली ओळ हलवायची तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा वेगळा अर्ज, तिला व्हेंडरचा अंदाज, अंदाजाला वित्तची मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत ज्या साहेबांना हे सगळं समजावलेलं असतं त्यांची बदली. मग नवीन साहेब, नवीन पीपीटी, पहिली स्लाइड 'प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय'. लोकांना वाटतं मी ठरवते. मी काहीही ठरवत नाही, मी फक्त प्रत्येक मिटिंगला हजर असते. आमच्या भिंतीवर ते २०१२ चं जीडीएसचं पहिलं तत्त्व चिकटवलंय, आधी वापरणाऱ्याची गरज, सरकारची नाही. खाली कुणीतरी पेन्सिलनं 'आणि ऑडिटची?' असं लिहिलंय. मीच लिहिलं असेल असा सगळ्यांचा संशय आहे. मी नाही लिहिलं, पण लिहायला हवं होतं. आणि ज्यांचं बघून आम्ही हे सगळं शिकलो त्यातली ती अमेरिकन सरकारची डिजिटल टीम, एटीन-एफ (18F), तिला तर मार्च २०२५ मध्ये टाळंच लावलं. जाऊ दे, त्याच्यावर लिहायला बसले तर सकाळ होईल.

तर सत्र समाप्त. ही मुदत कुणी ठरवली याचा मी आज संध्याकाळी माग काढला. टेकवाला म्हणाला सिक्युरिटी ऑडिटनं. ऑडिटचा रिपोर्ट उघडला, त्यात ओडब्ल्यूएएसपीचा, म्हणजे वेब सुरक्षेच्या शिफारशी काढणाऱ्या संस्थेचा, हवाला. ओडब्ल्यूएएसपीत जाऊन बघितलं तर तिथे दोन ओळी आहेत, जास्त जोखमीच्या ॲपला २ ते ५ मिनिटं, कमी जोखमीच्याला १५ ते ३०. आमच्या रिपोर्टात पहिलीच ओळ आलीये, दुसरी गळालीये. म्हणजे दाखल्याचा अर्ज भरणाऱ्या काकांना आम्ही बँकेच्या तिजोरीचं कुलूप लावलं. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही हो, हेच तर आहे. ऑडिटरला कमी आकडा लिहिला म्हणून कोणी कधी जाब विचारत नाही, जास्त लिहिला तर विचारतील. आणि तिकडे डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली, जिचं पालन करतो असं आम्ही साइटच्या तळाशी अभिमानानं छापलंय, तिच्यात २००८ पासून स्पष्ट लिहिलंय की मुदत काढता किंवा बदलता येत नसेल तर वेळ संपण्याआधी माणसाला सांगा, निदान २० सेकंद द्या, एका साध्या बटणानं वेळ वाढवता येऊ दे, आणि तीही निदान १० वेळा. अगदी पहिल्या पातळीची अट आहे ही, ए लेव्हल, काही सोनेरी मुलामा नाही. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेले होते आणि दोघांवर 'पूर्तता झाली' अशी हिरवी टिक.

ते वाचून मला चक्क हसू आलं. एकटीच हसले.

कारण मला आठवलं मी आज दिवसभर काय केलं. सकाळी व्हेंडरला फोन, "सॉरी हां, परत त्रास देतेय," ज्या गोष्टीचे पैसे ते आधीच घेऊन बसलेत तिच्यासाठी. दुपारी साहेबांना, "सॉरी सर, आकडा जरा समजावून सांगते." आकडा चुकीचा नव्हता, साहेबांनी आलेख उलटा धरला होता. आणि साहेब? ते माझ्यासमोर वरच्या साहेबांना फोनवर तीनदा म्हणाले, "माझ्याकडून राहिलं असेल सर." काय राहिलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे काका काही वेगळं करत नव्हते, ते आमच्या रांगेत येऊन उभे राहिले एवढंच, आणि त्यांच्या पुढे आम्ही सगळे तेच पुटपुटत उभे. फक्त त्या रांगेच्या टोकाला खिडकी आहे की नुसती भिंत, मला नाही माहीत.

मजकुराचं तर मी मागेच सुचवलं होतं. 'निष्क्रिय' काढा, 'आपली माहिती सुरक्षित राहावी म्हणून पान बंद केलंय, गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं काहीतरी घाला. त्याच्यावर फाइलमध्ये टिपणी आली होती, 'क्षमस्व वगळावे. चूक मान्य केल्याचा अर्थ निघू शकतो.' तेव्हा मी चिडले होते. आज ती टिपणी पुन्हा काढून वाचली, सुवाच्य अक्षरात, सही तारखेसकट. शासन एकटंच बघा या सगळ्यात, जे सॉरी म्हणत नाही. खरं तर आता मला क्षमस्व नकोच आहे. पान बंदच होऊ नये, आणि झालं तर भरलेलं जागेवर सापडावं, त्याच्यानंतर तुम्ही क्षमा मागा नाहीतर पोवाडा गा.

तर करायचं काय, ते ठरलंय. मुदत ३० मिनिटं मागायची. वेळ संपण्याआधी सूचनेची खिडकी आणि 'थांबा, मी आहे' असं बटण. हे व्हेंडरला चेंज रिक्वेस्टशिवाय करावं लागेल कारण डब्ल्यूसीएजी टेंडरमध्ये आहे, परिशिष्टात, मी पान नंबर काढून ठेवलाय, तिथे तो 'स्कोपमध्ये नाही' म्हणूच शकत नाही (म्हणेल, पण कमी आवाजात). अर्धवट अर्ज जतन करायचं पुढच्या टप्प्यात, ते मोठं काम आहे. आणि सगळ्यात पहिल्या पानावर, सुरुवात करण्याआधीच, काय काय कागद जवळ ठेवायचे त्याची यादी, दाखल्याच्या चित्रासकट, कुठला क्रमांक ते गोल करून. हे तर उद्याही होईल, यात कोणाची मंजुरी लागत नाही. अपूर्ण सत्रांचा आकडा डॅशबोर्डवर परत आणायचाय, तो कसा आणायचा ते सुचत नाहीये, साहेबांना तो लाल दिसतो. पिवळा केला तर चालेल का विचारते.

ऑडिटवाल्यांना मेल लिहून झालाय. ओडब्ल्यूएएसपीची दुसरी ओळ जोडली, एनआयएसटीचाही (अमेरिकेची सरकारी मानकं ठरवणारी संस्था) उतारा लावला, २०१७ च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत मधल्या पातळीच्या लॉगिनलाही ३० मिनिटं निष्क्रिय बसायची मुभा होती, आमचा फॉर्म तर त्याच्याही खालचा. आता सगळं सीसीवर अडलंय. साहेबांना सीसीत ठेवलं तर ऑडिटवाल्यांना वाटणार मी तक्रार केली. नाही ठेवलं तर साहेब विचारणार मला न सांगता कसा गेला. बीसीसीचा विचार केला, पण साहेब सगळ्याच मेलला रिप्लाय ऑल करतात.