टॅपेट सेट करताना: एमजीबी आणि अल्फा स्पायडर

एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार आली 1962 साली, इटालियन अल्फा रोमिओ स्पायडर 1966 साली. दोन्ही दोन सीटच्या, उघड्या, चार सिलिंडरच्या. कागदावर अगदी सख्खी भावंडं. पण बॉनेट उचलून टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली बारीक फट ठरवायला, बसलं की इंग्रज कुठला आणि इटालियन कुठला ते लगेच कळतं.

एमजीबीचं 1798 सीसी इंजिन म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा. हेडही लोखंडी, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. वरचे दोन नट काढून कव्हर उचललं की रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफा, समोर. इंजिन थंड असताना फट 15 थाउ (इंचाचे हजारांश), म्हणजे 0.38 मिमी. क्रमासाठी नऊचा हिशोब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. लॉकनट आवळताना फट ठरवणारा स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघायचंच. जुन्या रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असेल तर गेज त्यावर आडवं बसतं, खरी फट जास्तच राहते. मग कितीही सेट करा, टकटक थांबत नाही. रॉकरच बदलावे लागतात. उलट टॅपेट आपोआप शांत होत गेले तर खूश होऊ नका. जुन्या हेडवर शिसेविरहित पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा, झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट मिटत जाते.

अल्फाचं इंजिन ॲल्युमिनियमचं, हेडवर दोन कॅमशाफ्ट. इथे स्क्रूच नाही. कॅम ज्याला दाबतो त्या वाटीसारख्या बकेटखाली, व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटी शिम, म्हणजे ठराविक जाडीची चकती, बसते, आणि ती बदलायला कॅमशाफ्ट काढावे लागतात. आधी आठही फटी मोजून लिहून ठेवायच्या. इनटेकला 0.475 ते 0.50 मिमी, एक्झॉस्टला 0.525 ते 0.55. मग चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला करून जागेवर अडकवायचा, खुणा करायच्या, बेअरिंग कॅप ज्याच्या त्याच जागी परत जातील असे ओळीत मांडायचे. इनटेकची फट 0.40 आली आणि काढलेली शिम 2.00 मिमी भरली, तर 2.00 अधिक 0.40 वजा 0.475, म्हणजे 1.925 ची शिम हवी. शिमवर छापलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, मायक्रोमीटर लावा. काम दिवसभराचं, पण एकदा नीट केलं की बराच काळ बघायला नको. तास-दीड तास हात काळे करायला आवडत असेल त्याने एमजीबी घ्यावी. वहीत आकडे मांडायला आवडत असेल त्याने अल्फा.

अल्फा आयडलला अडखळत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी त्यामागचे रबरी माउंट तपासा. ते चिरले की हवा आत शिरते आणि दोष उगाच कार्ब्युरेटरमधल्या जेटवर (पेट्रोलच्या बारीक छिद्रांवर) जातो. गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर घाईने टाकू नका, तिथला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून घेणारी कडी) आधी जातो.

गंज मात्र दोघींचा सारखाच. दाराखालची सिल दोन्हीकडे गाडीचा भार पेलते. घेण्याआधी एक बाजू जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार उघड-बंद करून बघा. दार घासायला लागलं तर टॅपेट नंतर, आधी वेल्डर.